पिवळ्याचं पहिलं पाणी

सर्व वाचक बंधू-भगिनींना, आणि विशेषकरून ज्यांच्या घरात थोरली जाऊ आहे अशा भगिनींना, अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येत आहे की पिवळा हा जगातला सर्वांत आगाऊ रंग आहे. कोणाची हरकत असल्यास ती त्यांनी अंक मिटून मनातल्या मनात घ्यावी. माझं मत बदलणार नाही. पूर्ण विचार करून, स्वतःच्या हाताने पिवळा करून पाहून, मी ते बनवलेलं आहे.

या अंकाच्या संपादकबाई आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी आधी फोटो काढला तो कौसल्याअक्काचा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, लेख तुम्ही लिहा, तुम्ही फार छान बोलता. म्हणजे चेहरा तिचा आणि मजकूर माझा. आमच्या घरात सुरुवातीपासून वाटणी अशीच होत आलेली आहे.

मी आष्टी तालुक्यातल्या एका कोरड्या गावात राहते आणि घरी बांधणी करते. ज्यांना बांधणी म्हणजे दुकानातली ठिपक्यांची साडी एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. पांढरं कापड घ्यायचं, चिमटीत धरून जरासं वर उचलायचं आणि त्या टोकाभोवती दोरा गच्च आवळायचा. दोऱ्याखाली रंग पोचत नाही, तिथे ठिपका राहतो. पहिल्या गाठी मारून कापड पिवळ्यात घातलं की गाठींखाली पांढरं राहतं. पिवळ्यावर आणखी गाठी मारायच्या, मग लाल. लालवर पुन्हा गाठी, मग काळा. शेवटी सगळ्या गाठी सुटल्या की काळ्या कापडावर पांढरे, पिवळे, लाल ठिपके. फिक्याकडून गडदाकडे जायचं, उलटं चालत नाही. एवढं समजलं की अर्धा धंदा आला. उरलेला अर्धा हातात असतो, आणि तो देव वाटून देतो. आमच्या घरी वाटायला आला तेव्हा देव सरळ थोरलीकडे गेला.

कौसल्याअक्का माझी थोरली जाऊ. तिच्या करंगळीचं नख लांब होतं. बांधणीवालीला ते लागतं, कापड उचलायला. ती त्या नखाने कापडाचा एवढासा कण उचलायची की ठिपका मोहरीएवढा पडायचा. माझी नखं भाकरीच्या पिठातच झिजायची, म्हणून मी कापडाखाली ज्वारीचा दाणा धरून त्यावर दोरा आवळायची. नवशिक्या बायका तसंच करतात. दाणा घातला की ठिपके सारखे येतात, पण एकदा मी बांधलेली साडी अंगणात वाळत टाकून आत गेले आणि शेजारच्या कोंबड्यांना आतली ज्वारी दिसली. मी येईपर्यंत त्यांनी अर्ध्या साडीच्या गाठी टोचून उघडल्या होत्या, कापडासकट. अक्काने ती साडी बघितली. मग स्वतःचं नख न्याहाळलं. त्या नखाला इजा होऊ नये म्हणून आमच्या घरची खरकटी भांडी कोण घासत होतं, ते मी सांगणार नाही. सुज्ञांनी ओळखावं.

गिऱ्हाइकांचे किस्से पुष्कळ आहेत, एकच सांगते. बांधणीची साडी आम्ही गाठींसकट देतो. ती उलगडायची म्हणजे दोघींनी दोन टोकं धरून तिरपी ओढायची, की गाठी तडतड सुटतात. तो आवाज ऐकावा. आष्टीच्या एका मास्तरीणबाईंना मी हे नीट सांगितलं होतं. त्यांनी नेली आणि सुई घेऊन एकेक गाठ उकलत बसल्या. सगळी उकलून झाल्यावर कापडाला चुण्या दिसल्या म्हणून इस्त्री केली, आणि सपाट झालेली साडी परत आणून मला म्हणाल्या, "कांताबाई, यातली मजा कुठे गेली?" मी म्हटलं, बाई, ती सुईच्या टोकाला लागून गेली. त्यांनी पुढे कायम अक्काकडूनच साड्या घेतल्या.

आता मूळ गोष्टीवर येते. बांधणी आमच्या भागातली नव्हे. एका प्रशिक्षणात आम्ही ती शिकलो आणि गावातल्या बायकांनी मिळून सहकारी संस्था काढली. अध्यक्ष इंदूताई. बोलायला मऊ, पण बैठकीत कोणाला बसू देत नसत की उठू देत नसत. माल बीडच्या एका विक्री केंद्रात जायचा. नाहीतर आमच्याकडच्या निम्म्या घरांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. दसरा झाला की मुकादम येतो, नवरा-बायकोची जोडी ठरवतो, आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून ऊस तोडायला जायचं ते उन्हाळ्यापर्यंत. मी सहा हंगाम केले होते. पहाटेच्या थंडीत उसाचं पातं गालाला कसं कापतं हे ज्याला कळलंय त्याला मी संस्थेच्या बैठकीत एवढी का भांडायची ते कळेल.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरी तळाला गेल्या, जनावरं चारा छावणीत गेली. जनावरं गेली म्हणून दूध गेलं, आणि दूध गेलं म्हणून दूध संस्थेचा टँकर रिकामा उभा राहिला. मग त्याच टँकरने गावाला पाणी यायला लागलं. पाण्याला कधी कधी सायीचा वास यायचा. लेकरं म्हणायची, आज दुधाचं पाणी आलं.

पिण्याच्या पाण्याची ही गत, तर रंगाला कोण देणार? कापड रंगवायला थोडं पाणी लागतं, पण नंतर खळबळून काढायला लई लागतं. इंदूताईंनी मार्ग काढला. टँकरमधून संस्थेला एक टिपाड मिळायचं. ते पाणी आधी पिवळ्याच्या घरी. तिथे कापड खळबळून उरलेलं पिवळट पाणी लालच्या घरी. लालचं उरलेलं काळ्याच्या घरी. फिक्याचं पाणी गडदाला चालतं, हा हिशोब. कॅनॉलच्या पाण्यासारखी पाळी लागली. पिवळा कौसल्याअक्काकडे. लाल मुमताजभाभींकडे. काळा माझ्याकडे.

म्हणजे तिच्या दारात टिपाड उतरायचं तेव्हा त्यात आभाळ दिसायचं. माझ्या दारात यायचं तेव्हा ते गटारीसारखं दिसायचं. आणि आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो. मी खिडकीतून बघायची. ती त्या स्वच्छ पाण्यात हात बुडवून क्षणभर नुसती थांबायची, देवळात थांबल्यासारखी. मला तेवढंच पुरायचं. दिवसभर मी भांडी आपटायची.

बरं, कापड उलगडलं की लोक काय बघतात? ठिपके. काय पिवळा आलाय, म्हणतात. काळ्याला कोणी काही म्हणत नाही. काळा म्हणजे रात्र. लोक रात्रीच्या अंगणात उभे राहून चांदण्याच मोजतात.

पण त्या वर्षी काळ्याकडे बघणारं एक माणूस निघालं, नेमकं नको तेव्हा. बीडच्या केंद्राला संक्रांतीसाठी काळ्या साड्या हव्या होत्या. एरवी काळं नेसत नाहीत, संक्रांतीला मात्र सगळ्यांना काळीच पाहिजे. केंद्राचे साहेब म्हणाले होते, नमुना पसंत पडला तर वर्षभर काम. आम्ही नमुना पाठवला. तो परत आला. सोबत निरोप होता की ठिपके उत्तम, पण हा काळा नाही, हा चुलीवरच्या छताचा रंग आहे. पुन्हा एक संधी देतो. दसऱ्यानंतर स्वतः येऊन बघतो.

संस्थेची बैठक भरली. मी उभी राहिले. मी काही साधीसुधी उभी राहत नाही, आधी पदर खोचते. मी म्हटलं, पुडीतला काळा रंग मी नीटच उकळते, मीठ नीटच घालते, पण दोन घरची धुणी झालेल्या पाण्यात काळा काय, कोळसासुद्धा फिका पडेल. माझा हात वाईट नाही, माझी पाळी वाईट आहे. मला पहिलं पाणी देऊन बघा. मी पिवळा करून दाखवते. आणि ज्यांना शेवटच्या पाण्याची एवढी खात्री आहे, त्यांनी काळा करून दाखवावा.

बायका अक्काकडे बघायला लागल्या. मी भांडणाची पूर्ण तयारी करून आले होते. मागच्या पाच वर्षांतली तिची वाक्यं तारीखवार पाठ होती.

अक्का खाली बघून दोरा गुंडाळत होती. म्हणाली, "द्या की तिला पिवळा. काळा म्या करते."

एवढंच. माझी सगळी तयारी वाया गेली. जिंकल्यावर इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. घरी येताना मी आमच्या मालकांना म्हटलं, तिने एवढ्या सहज दिलं म्हणजे पिवळ्यात काही तरी खोट असणार. ते म्हणाले, कालपर्यंत त्याच पिवळ्यासाठी जेवण जात नव्हतं तुला. नवऱ्यांना राजकारण कळत नाही.

टिपाड माझ्या दारात उतरलं. मीही हात बुडवून थांबून बघितलं. देवळासारखं काही वाटलं नाही, गार वाटलं. आणि मग कळलं पिवळा काय असतो ते. पिवळ्यावर सगळं दिसतं. हाताला चुलीची राख, दिसते. माशी बसून गेली, दिसते. काळ्यात मी गाणी म्हणत काम करायची. पिवळ्यात श्वाससुद्धा बाजूला वळून सोडायची. पण पिवळा आला. खोटं का सांगू, सोन्यासारखा आला. मी तो मुमताजभाभींकडे घेऊन गेले आणि त्यांच्या उंबऱ्यात जरा जास्तच वेळ उभी राहिले.

त्यांनी कापड चाचपलं. म्हणाल्या, "ओली हाय अजून. जरा सुकवून आणायची व्हती."

भिंतीपलीकडे मात्र अक्का काहीच करत नव्हती. पुडीचा काळा संस्थेतून नेलाच नाही. चुलीवर पातेलं नाही, मिठाचा खडा नाही. परड्यात एक मोठा रांजण ठेवला होता, तोंडाला फडकं बांधून. जवळून गेलं की आंबट वास यायचा. शेळ्यांमागे जाताना बाभळीची साल सोलून आणायची आणि भिजत घालायची. विचारलं तर म्हणायची, बघू. "बघू" हा शब्द वापरणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

मग मुकादम आला. ओसरीवर बसला. आमचे मालक आणि थोरले दीर समोर बसले. त्याला दोन जोड्या हव्या होत्या. म्हणाला, यंदा ऊस कमी आहे, मागून आलात तर जागा नाही, हो का नाही ते सांगा. केंद्राचे साहेब मात्र शनिवारी येणार होते. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी आमच्या मालकांनी, निदान तयारी दिसावी म्हणून, कोयत्यांना धार लावायला म्हणून आढ्याला हात घातला. आमचे कोयते हंगाम संपला की तिथे खोचलेले असतात.

आढं रिकामं होतं.

घर शोधलं. गोठा शोधला. मला वाटलं चोरी झाली. मी आवाज चढवणार तेवढ्यात अक्का परड्यातून आली आणि तिने सगळ्यांना मागे बोलावलं. रांजणाचं फडकं सोडलं. वर तांबूस फेस आला होता. तिने काठी घालून ढवळलं तसं आत लोखंड खणकलं. चारही कोयते त्यात होते. जुने नाल होते, बैलगाडीच्या चाकाची एक लोखंडी धाव होती, आणि सगळं गुळाच्या पाण्यात आंबत होतं.

मुकादम वाकून बघत राहिला. मग आमच्या मालकांना म्हणाला, "तुमच्या बाया कोयत्याचं लोणचं घालायलेत बे."

अक्का म्हणाली, रंग हाय. तिच्या माहेरी शेजारी एक म्हातारे रंगारी होते. ते लोखंड आणि गूळ असंच आंबवायचे. लहानपणी तिने बघितलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. जमेल का ते तिला माहीत नव्हतं. जमलं नाही तर कोयते गेले, आणि नवे घेऊनही मुकादमाकडे जागा राहणार नव्हती. तिने कोणाला विचारलं नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही नाही. थोरले तर ओसरीवर जाऊन भिंतीला टेकून बसले.

तरीही, खरं सांगते, माझ्या डोक्यात त्या वेळी वेगळंच चाललं होतं. मी म्हटलं, "अक्का, माझा कोयता कावून घातला?"

ती सहज म्हणाली, "तुझ्याच कोयत्यावर लई गंज व्हता कांते. गंजच पायजे त्याला."

सगळ्यांसमोर. मुकादमासमोर. मी कोयता पुसून ठेवत नाही ही घरातली गोष्ट तिने गावभर केली, तीही माझं कौतुक केल्यासारखी. मुकादम हसला आणि शनिवारी संध्याकाळी येतो, तोवर जोड्या धरून ठेवतो, नंतर नाही, असं सांगून गेला.

शुक्रवारी तिने साडी रंगवली. मी मदतीला नव्हते गेले, बघायला गेले होते. लालमधून आलेलं, गाठींनी आक्रसून मुठीएवढं झालेलं कापड तिने आधी बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवलं. मग पिळून रांजणातल्या पाण्यात घातलं. पाणी काळं नव्हतं. चहासारखं होतं. माझ्या मनात एक फार वाईट आणि फार गोड आशा उगवली. मग आढ्याची रिकामी जागा आठवली आणि ती आशा मी घाईघाईने परत बुडवली. अशी माझी दोन्हीकडून ओढाताण चालली होती. तिचं फसावं आणि आमचं जमावं, हे दोन्ही एकाच रांजणात कसं बसणार?

तिने कापड बाहेर काढून हवेत धरलं. आधी ते तपकिरी दिसलं. मग बघता बघता गडद होत गेलं. पुडीचा रंग वरून बसतो. हा आतून उगवत होता. पुन्हा बुडवलं, पुन्हा काढलं. धुवायला तिला कळशीभर पाणी पुरलं, कारण त्यातून फारसं काही निघतच नव्हतं. तिसऱ्या घरचं टिपाड तसंच राहिलं, ते तिने शेळ्यांच्या गोठ्यात शिंपडलं. ज्या पाण्यासाठी मी बैठक हादरवली ते पाणी हिला लागलंच नाही. या बाईचा हेवा तरी कुठून कुठून करायचा?

शनिवारी साहेब आले. शाळेच्या वर्गात सगळ्या बायका जमल्या. मुमताजभाभी होत्या, इंदूताई होत्या, आम्हा दोघींचे नवरे दाराबाहेर पायरीवर, आणि मुकादम जरा आधीच येऊन झाडाखाली गाडीवर बसलेला. साडी गाठींसकट टेबलावर ठेवली. एवढीशी, सुकलेल्या बोरासारखी सुरकुतलेली. साहेब म्हणाले, उलगडा.

एक टोक अक्काने धरलं, एक मी. समोर तिच्या हातांकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्या हातांकडे बघत आलेली. करंगळीचं नख तुटलेलं होतं. लोखंड ढवळताना गेलं असावं. तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

मी मानेने खूण केली आणि आम्ही ओढलं.

गाठी तडतडत सुटत गेल्या, तिच्या बाजूने माझ्याकडे आणि माझ्या बाजूने तिच्याकडे. दोरे उडून बायकांच्या डोक्यावर पडले. साडी वर्गभर पसरली. पांढरे ठिपके, माझे पिवळे, भाभींचे लाल, आणि त्यांच्यामागे काळा. खिडकीतून ऊन त्यावर पडत होतं आणि परत येत नव्हतं.

साहेबांनी पदर उचलला, पाण्याने रुमाल भिजवून त्यावर घासला, रुमाल बघितला. तो पांढराच होता. मग साडीच्या कडेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत चालत गेले. मी वाट बघत होते. माझ्या पिवळ्या ठिपक्यांवरून ते चालत गेले आणि एकदाही थांबले नाहीत.

इंदूताईंना म्हणाले, सगळा माल घेतो. संक्रांतीचाही आणि त्यानंतरचाही. मग मान वर करून विचारलं, हा काळा कोणाच्या हातचा आहे?

दाराबाहेर आमचे मालक उठून उभे राहिले. झाडाखाली मुकादमाने गाडीला किक मारली. आणि वर्गातल्या सगळ्या बायका एकजात अक्काकडे वळल्या. एकेक मान. भाभींचीसुद्धा. अक्काने लाजून पदर तोंडाला लावला, आणि तो तुटक्या नखाचा हात पदराखाली लपवला. साहेब तिला नमस्कार करायला पुढे सरसावले. यंदा आम्ही ऊस तोडायला जाणार नव्हतो, माझे डोळे भरून आले होते. अशा प्रसंगी माणसाने काय बोलावं हे मला चांगलं कळतं, मी बैठकांमध्ये बोललेली बाई आहे. पण तोंडातून भलतंच निघालं, आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं:

"साहेब, त्यातला गंज माझ्या कोयत्याचा हाय!"